बोडोनीची बारीक रेघ: फोनवर देखणी, पिशवीवर गायब

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात धरमपेठेत तुम्ही टसर आणि करवती साड्यांचं दुकान उघडताय. लोगो इंग्रजीत आहे, बोडोनी मोडा या फॉन्टमध्ये, सगळी कॅपिटल अक्षरं. फोनवर तो फार सुंदर दिसतो. पण कापडी पिशवीचा नमुना आला त्यात आडव्या रेघा उमटल्याच नाहीत, फ्लेक्स लावून पाहिला तर रस्त्यापलीकडून नाव वाचता येईना, आणि खाली मराठी नाव मंगल फॉन्टमध्ये टाकलंय ते विजोड वाटतं. फॉन्ट चुकला का, आणि बदलायचा तर कुठला घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते फॉन्ट चुकलेला नाही. अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक, फोनसाठी योग्य असलेलं एकच चित्र तुम्ही पिशवी, पाटी, टॅग, जाहिरात सगळीकडे लहानमोठं करून वापरताय. दोन, मराठी नावाचा विचार सगळ्यात शेवटी झालाय. फॉन्ट बदललात तरी या दोन्ही अडचणी नव्या फॉन्टसोबत परत येतील. म्हणून आधी हा फॉन्ट असा का वागतो ते सांगतो. ते कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हीच घेऊ शकाल.

बोडोनी हे नाव जांबात्तिस्ता बोडोनीचं. 1740 साली जन्मलेला हा इटालियन मुद्रक 1768 पासून पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होता. त्याच काळात पॅरिसमध्ये फर्मां दिदो हेच काम करत होता. त्यांच्या थोडं आधी इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने गुळगुळीत कागद आणि दाट काळी शाई वापरून दाखवली होती. कागद खरखरीत असेपर्यंत बारीक रेघ छापण्यात अर्थ नव्हता, ती कागदाच्या खडबडीत पृष्ठात हरवायची. कागद सुधारला तशी रेघ बारीक होत गेली, आणि बोडोनी-दिदोच्या हातात ती टोकाला पोहोचली. उभी रेघ भरदार आणि आडवी रेघ केसाएवढी. टोकाशी जी छोटी आडवी पट्टी असते, जिला आपण सेरिफ म्हणतो, तीही तितकीच बारीक आणि सरळ, मध्ये कुठे गोलाई देऊन जोडलेली नाही. जाड आणि बारीक यांच्यातला हा ताण हेच त्या अक्षराचं सगळं रूप आहे. बारीक रेघ काढून टाकली तर उरतात फक्त उभे खांब. तुमच्या पिशवीवर नेमकं तेच झालंय.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. धातूच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या काळात प्रत्येक आकाराचा खिळा वेगळा कोरला जायचा. लहान आकार कोरताना कारागीर बारीक रेघ थोडी जाड ठेवायचा, अक्षर किंचित रुंद करायचा, आतली पोकळी मोकळी करायचा. मोठ्या आकारात मात्र रेघ हवी तितकी नाजूक. म्हणजे सहा पॉइंटचं (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) बोडोनी आणि साठ पॉइंटचं बोडोनी ही एकाच चित्राची लहानमोठी प्रत नव्हती. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे फिल्मवरून अक्षरजुळणी, आलं, मग संगणक आला, आणि एकच चित्र ताणून सगळे आकार काढायची सोय झाली. सोय मोठी होती, पण या जातीच्या टाइपफेसचं, म्हणजे अक्षरवळणाचं, नुकसान तिथेच झालं. मोठ्या आकारासाठी काढलेलं नाजूक चित्र आठ पॉइंटला आकसलं की रेघ कागदावर राहतच नाही.

हे जाणकारांना खटकत होतंच. 1994 साली आलेल्या आयटीसी बोडोनीत सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटसाठी तीन वेगळी रूपं काढली गेली. हार्पर्स बझार मासिकासाठी जोनाथन हेफ्लरने दिदो नावाचा फॉन्ट केला तेव्हाही वेगवेगळ्या आकारांसाठी वेगवेगळी चित्रं केली, जेणेकरून रेघ कुठल्याही आकारात सारखीच नाजूक दिसावी. आणि तुम्ही वापरलेल्या बोडोनी मोडामध्ये ही सोय आहेच. त्याच्या व्हेरिएबल फाइलमध्ये, म्हणजे एकाच फाइलमधून अक्षराचं रूप कमीजास्त करता येतं तिच्यात, ऑप्टिकल साइझचा (कुठल्या आकारासाठी रूप हवं ते ठरवणारा) अक्ष 6 पासून 96 पॉइंटपर्यंत जातो. 96 च्या टोकाला रेघ केसासारखी, 6 च्या टोकाला चांगली अंगाने भरलेली. तुमच्या डिझायनरने बहुधा नाजूक टोक निवडलं, कारण पडद्यावर तेच मोहक दिसतं. म्हणजे उत्तर तुमच्याच फॉन्टमध्ये आहे, ते वापरलं गेलेलं नाही एवढंच.

मी एखादं काम हातात घेतो तेव्हा फॉन्टच्या नावाआधी एक प्रश्न विचारतो: सगळ्यात बारीक रेघ प्रत्यक्षात किती मिलिमीटरची होणार आहे, आणि ज्यावर ती छापायची ते तिला धरून ठेवेल का? याला गणित फार लागत नाही. मोठ्या आकारासाठी काढलेल्या बोडोनीत बारीक रेघ ढोबळमानाने फॉन्टच्या आकाराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी असते. एक पॉइंट म्हणजे 0.35 मिलिमीटर. मग बारा पॉइंटच्या अक्षराची रेघ झाली पाव पॉइंटच्या आतबाहेर, म्हणजे 0.085 मिलिमीटर. चांगल्या ऑफसेटवर, आर्ट पेपरवर, एका शाईत छापलं तर पाव पॉइंटची रेघ जेमतेम टिकते. त्याच मापाची रेघ गडद पार्श्वभूमीवर पांढरी सोडली, ज्याला आपण रिव्हर्स म्हणतो, तर आजूबाजूची शाई पसरून ती बुजते. तिथे अर्धा पॉइंट तरी हवाच.

कापडी पिशवीचं गणित आणखी कडक आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीतून खाली उतरते, आणि सुती कापडाचे धागे तिला सपाट बसू देत नाहीत. माझ्या ओळखीचे एक स्क्रीनवाले अशी फाइल पाहिली की लगेच म्हणतात, "भाऊ, जाळी हे बारीक पकडून नाही राहिली, रेघ जाड करून आणा." ते खरंच बोलतात. जाडसर सुती कापडावर मी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ देत नाही. पन्नासाव्या हिश्श्याच्या हिशोबाने अर्धा मिलिमीटर रेघ हवी तर फॉन्टचा आकार झाला 25 मिलिमीटर, म्हणजे साधारण सत्तर पॉइंट, आणि कॅपिटल अक्षराची उंची सतरा-अठरा मिलिमीटर. तुमच्या नमुन्याच्या फोटोत नाव त्याहून बरंच लहान दिसतंय. तेव्हा एक तर नाव मोठं करा, नाहीतर पिशवीसाठी ऑप्टिकल साइझच्या लहान टोकाचं रूप घ्या. पिशवी मळखाऊ रंगाची ठेवून त्यावर पांढरं छापायचा विचार असेल तर रूप आणखी एक पायरी जाड घ्या.

मग फोनवर ते इतकं चांगलं का दिसतं? कारण आजच्या बऱ्याच फोनच्या पडद्यावर इंचाला चारशेहून जास्त ठिपके असतात. म्हणजे एक ठिपका 0.06 मिलिमीटरचा. कापडावरच्या किंवा फ्लेक्सवरच्या छपाईपेक्षा फोनचा पडदा बारीक रेघ जास्त नेमकी दाखवतो, आणि तीही मागून उजेड देऊन. म्हणून लोगो फोनवर पसंत करणं धोक्याचं. घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर, प्रत्यक्ष मापात छापून, भिंतीला लावून पाहा. अर्धे निर्णय तिथेच होतात.

पाटीचा विचार थोडा वेगळा, कारण तिथे छपाईपेक्षा नजर कमी पडते. समजा पाटीवर कॅपिटल अक्षरं 25 सेंटिमीटर उंच आहेत. त्यांची बारीक रेघ सुमारे सात मिलिमीटर येईल. जवळ उभं राहिलं तर सात मिलिमीटर म्हणजे चांगली ठसठशीत वाटते. पण चांगल्या नजरेच्या माणसाची बारकावा ओळखण्याची मर्यादा साधारण एका अंशाचा साठावा भाग असते, आणि तीस मीटरवर त्याचे होतात जवळपास नऊ मिलिमीटर. म्हणजे रस्त्यापलीकडून, चालत्या गाडीवरून पाहणाऱ्याला ती रेघ फिकट पडते, आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात पार विरघळते. मग एचचे दोन खांब उरतात, ईचा एकच खांब उरतो, एनची फक्त तिरकी रेघ उरते कारण बोडोनीत एनचे उभे पाय बारीक असतात. नाव 'दिसतं', पण वाचता येत नाही. पाटी इतकी मोठी असूनही असं होतं याचं अनेकांना आश्चर्य वाटतं.

म्हणून पाटीवर मी मोठ्या आकाराचं नाजूक रूप कधीच वापरत नाही. आकार मोठा असला तरी अंतर जास्त आहे, त्यामुळे डोळ्याच्या दृष्टीने ते लहान अक्षरच आहे. ऑप्टिकल साइझ पाटीसाठी अकरा-बाराच्या आसपास ठेवून पाहा, बारीक रेघ जाड रेघेच्या निदान पाव भर होईल असं बघा. उठावाची अॅक्रिलिक अक्षरं आणि आत एलईडी असा बेत असेल तर हे आणखीच गरजेचं. सात मिलिमीटरच्या पोकळीत नेहमीची एलईडीची पट्टी सहसा बसत नाही. मग कारागीर एक तर ती रेघ अंधारी सोडतो, नाहीतर तुम्हाला न विचारता स्वतःच जाड करतो, आणि त्याने जाड केलेली रेघ बोडोनीची राहत नाही. शिवाय आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. अॅक्रिलिक तापलं की मीटरमागे काही मिलिमीटर सहज वाढतं आणि रात्री पुन्हा आकसतं. लांब आणि अरुंद तुकडे नुसत्या टेपवर चिकटवलेले असतील तर तेच आधी सुटतात.

नावातली अक्षरं कुठली आहेत यावरही बरंच अवलंबून असतं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही ते योग्यच केलंत, पण स्वतः तपासून पाहा. ओ, सी, जी, एस, आर, क्यू अशी गोलाईची अक्षरं असतील तर या टाइपफेसचं सौंदर्य खुलतं. एच, एन, एम, आय, यू अशी एकामागून एक उभी अक्षरं आली तर कुंपण तयार होतं, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवून थोडाच फरक पडतो. तुमचं नाव दुसऱ्या प्रकारात मोडत असेल तर मी म्हणेन, हट्ट सोडा आणि बास्करव्हिलच्या घराण्याकडे वळा. लिबर बास्करव्हिल मोफत मिळतो. त्यातही जाड-बारीक आहे, पण सेरिफ गोलाईने जोडलेले आहेत आणि रेघ सहनशील आहे. क्लाउस एगर्स सोरेन्सनचा प्लेफेअर डिस्प्ले हा 2011 चा फॉन्टही याच वाटेवरचा, शीर्षकांसाठी काढलेला. तो चांगला आहे, पण इतका वापरला गेलाय की ब्युटी पार्लरपासून क्लासेसपर्यंत सगळीकडे दिसतो. तुमच्या दुकानाची ओळख म्हणून मी तो सुचवणार नाही.

स्वभावाबद्दलही एक मत देतो, पटलं तर घ्या. व्होगसारख्या फॅशन मासिकांनी दिदो-बोडोनीची अक्षरं इतकी वर्षं मिरवली आहेत की ती पाहताच लोकांच्या मनात महाग, परदेशी, नवी फॅशन असं काहीतरी उमटतं. हातमागावरची करवती त्या गोतावळ्यातली नाही. सीताबर्डीच्या बाजारात फिरणारी एखादी बाई अशी पाटी पाहून 'हे आपल्याला परवडायचं नाही' म्हणून पायरी चढणार नाही, हा धोका खरा आहे. दुसरीकडे, आजूबाजूच्या लाल-पिवळ्या, सावली दिलेल्या जाडजूड अक्षरांत एक शांत, मोकळी पाटी उठून दिसते हेही तितकंच खरं. माझा कल असा: हा टाइपफेस फक्त नावापुरता वापरा. त्याभोवती भरपूर रिकामी जागा सोडा, कारण ही अक्षरं गर्दीत गुदमरतात. फोन नंबर, पत्ता, 'होलसेल व रिटेल', इन्स्टाग्रामचं चिन्ह हे सगळं नावाला चिकटवलं तर बोडोनी घेण्यात काहीच अर्थ उरत नाही. तुम्हाला विणीतलं कळतं, म्हणून एवढंच सांगतो: करवतीच्या काठाचे दाते जसे बारीक सुतात आणि मोकळ्या अंगावरच उठून दिसतात, तसंच या रेघेचं आहे.

आता मराठी नाव. माझ्या मते इथून सुरुवात व्हायला हवी होती. एक तर दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाल्यापासून पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसेल अशा आकारात लिहावं लागतं. लहान दुकानांनाही हे लागू आहे. तेव्हा इंग्रजी मोठं आणि खाली बारीक मराठी ही तुमची आत्ताची मांडणी पाटीवर चालणारच नाही. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तुमचं गिऱ्हाईक नाव मराठीत उच्चारणार आहे.

मंगल विजोड का दिसतो? र. कृ. जोशींनी तो विंडोजच्या पडद्यासाठी केला, लहान आकारात नीट वाचता यावं म्हणून. ते काम तो चोख करतो. मोठ्या पाटीवर बोडोनीशेजारी उभं राहणं हे त्याचं कामच नाही. मग असा देवनागरी फॉन्ट शोधायचा का, ज्यात बोडोनीसारखीच उभी रेघ जाड आणि आडवी केसाएवढी आहे? बरेच डिझायनर इथेच घसरतात. रोमन अक्षरात आणि देवनागरीत जाड-बारीक एकाच जागी येत नाही. देवनागरीच्या बोरूची कत, म्हणजे टोकाचा काप, रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरपी असते. त्यामुळे उजवीकडून डावीकडे खाली उतरणारा फटकारा जाड येतो आणि डावीकडून उजवीकडे उतरणारा बारीक. काना आणि शिरोरेखा दोन्ही मधल्या जाडीच्या, एकमेकींच्या जवळपास. नाजूकपणा असतो तो वळणांमध्ये आणि सांध्यांमध्ये. 'व'चं पोट पाहा, त्याच्या वळणात जाडी कशी चढते आणि उतरते ते दिसेल.

आणि शिरोरेखा ही शोभेची पट्टी नाही, तिच्यावर शब्द टांगलेला असतो. बोडोनीच्या नियमाने ती केसाएवढी केली की लांबून ती आधी जाते, आणि उरतात सुटे काने, सुट्या गाठी. शब्द शब्द राहत नाही. टोकाचं जाड-बारीक असलेले देवनागरी फॉन्ट आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा 2014 चा फॉन्ट तसा आहे आणि तो भक्कम, भरदार शीर्षकाला शोभतो. पण तो फार वजनदार आहे. तुमच्या सडसडीत इंग्रजी नावाशेजारी तो अंगावर येईल.

मी अशा वेळी दोन लिप्यांच्या रेघा जुळवत बसत नाही, त्यांचा एकूण गडदपणा जुळवतो. दोन्ही नावं शेजारी ठेवा आणि डोळे किलकिले करून पाहा. दोन्ही सारखीच करडी दिसली तर जोडी जमली. इंग्रजीची जाड रेघ आणि देवनागरीचा काना यांची जाडी जवळपास सारखी ठेवा, शिरोरेखा कान्यापेक्षा किंचित कमी, पण अर्ध्याच्या खाली कधीही नको. उंचीचं म्हणाल तर शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं अंतर कॅपिटलच्या उंचीएवढं ठेवा. मात्रा आणि वेलांटी वर जाणार, उकार खाली जाणार, त्यांना वेगळी जागा सोडा. पाटीची उंची ठरवताना ही जागा धरली जात नाही आणि मग वेलांट्या कापल्या जातात, हे मी गांधीबागेपासून सदरपर्यंत पाहत आलोय.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. बोडोनीची कॅपिटल अक्षरं थोडी विरळ केली की छान दिसतात. अंतराचा तोच आकडा मराठी नावाला लावू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, आणि तुटकी शिरोरेखा म्हणजे चुकीचं लिहिलेलं मराठी. मोकळेपणा हवा असेल तर नावाभोवती जागा वाढवा.

फॉन्ट कुठला, तर पाटी आणि लोगोसाठी माझा पहिला सल्ला: मराठी नाव हाताने काढून घ्या. आपल्याकडे अक्षरलेखनाची परंपरा मोठी आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं आठवा. साध्या वर्तमानपत्री कागदावर, लहान चौकटीत छापली जाऊनही ती ओळखू यायची, कारण कागद काय आणि आकार काय हे धरूनच ती काढलेली असायची. तुमच्या नावात चार-पाच अक्षरं असतील, तर एखाद्या चांगल्या अक्षरलेखकाला तेवढं काम देणं पाटीच्या एकूण खर्चात जड जाणार नाही. खर्च आत्ता नको असेल तर टिरो देवनागरी मराठी घेऊन पाहा. त्याची घडण छापील ग्रंथाच्या वळणाची आहे, जाड-बारीक बोरूच्या नियमाने आहे, आणि बोडोनीसोबत तो खानदानी दिसतो. पाटीसाठी त्याची रेघ थोडी भरून घ्यावी लागेल, कारण मुळात तो मजकुरासाठी आहे.

मराठीसाठीचा टिरो मुद्दाम सुचवतोय, त्याला कारण आहे. नागपुरात हिंदी आणि मराठी शेजारी नांदतात, आणि डीटीपीवाल्यांच्या संगणकावर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा फॉन्ट आधी निवडलेला असतो. त्यामुळे 'ल' आणि 'श' हिंदी धाटणीचे येतात. चूक म्हणून कुणी बोट ठेवणार नाही, पण मराठी डोळ्याला काहीतरी खटकतं. वेबसाइट करणाऱ्यालाही पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणं आहेत त्यात ती आपोआप येतील. 'साऱ्या', 'किनाऱ्याची' असे शब्द पत्रकात येणार असतील तर अर्धा र नीट उमटतो का हेही एकदा पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तो बरेचदा कसाबसा जुळवलेला असतो.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. साडीसोबत द्यायच्या माहितीच्या कार्डावर मजकुरासाठी बोडोनी अजिबात नको, इंग्रजीतही नको. जाड उभ्या रेघांचा झगमगाट ओळ वाचू देत नाही. मराठी मजकूर टिरोमध्ये किंवा मार्टेलमध्ये, इंग्रजी बास्करव्हिलमध्ये ठेवा. किमतीच्या टॅगवर आकडे साध्या, बिनसेरिफ फॉन्टमध्ये घ्या. लेबल छापणारे थर्मल प्रिंटर बहुतेक 203 डीपीआयचे (इंचाला 203 ठिपके) असतात, म्हणजे त्यांचा एक ठिपकाच 0.125 मिलिमीटरचा. दहा पॉइंटच्या बोडोनीची रेघ त्याहून बारीक, मग तीन आणि आठ यांतला फरक कसा राहणार? रुपयाचं चिन्हही तपासा. ते 2010 साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि त्या जागी चौकोन छापला जातो. सोनेरी फॉइलच्या कार्डावर मात्र बोडोनी खुलून दिसतो. फक्त रेघ पाव मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका आणि कागद गुळगुळीत घ्या, हातकागद नको.

रंगाचं एक सांगायचं राहिलं. तुमचा लोगो मरून आहे. मरून रंग चार शाईंच्या मिश्रणातून काढला आणि मशीनवर प्लेटा केसभर जरी सरकल्या, तरी बारीक रेघेला एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला पिवळी कड येते. जाड अक्षरात ते झाकलं जातं, इथे झाकलं जात नाही. म्हणून तो रंग स्पेशल शाईत, एकाच प्लेटवर छापायला सांगा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ते शक्य होत नाही. तिथे नाव सरळ काळ्यात घ्या आणि लहान टोकाचं जाड रूप वापरा.

तर आत्ता लगेच करायचं काय? डिझायनरला सांगून त्याच नावाची तीन रूपं करून घ्या: नाजूक रूप फोन, वेबसाइट आणि फॉइलसाठी, मधलं रूप कार्ड आणि छापील पत्रकासाठी, जाड रूप पाटी, पिशवी आणि वर्तमानपत्रासाठी. तिन्हींसोबत मराठी नाव, तेही तीन जाडींत. छापखान्यांतल्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिकल साइझचा अक्ष दिसत नाही, त्यामुळे हे काम व्हेरिएबल फॉन्ट चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून, कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच, फाइल छापखान्यात द्या. नाहीतर तिथे फॉन्ट बदलला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ फाइलही स्वतःकडे मागून घ्या. बोडोनी मोडा आणि टिरो दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, दुकानासाठी वापरायला अडचण नाही.

आणि पिशव्यांची मोठी ऑर्डर देण्याआधी नव्या जाड रूपाचा एक नमुना नेमक्या त्याच कापडावर काढून, एकदा धुऊन पाहा. धुतल्यावर रेघ अखंड राहिली तर बाकीच्या छापायला हरकत नाही. तुटली तर नाव आणखी वाढवा, किंवा पिशवीवर फक्त मराठी नाव ठेवा. त्याचा काना आणि शिरोरेखा त्या कापडावर सहज टिकतील.